गाडी कधी सेल्फ घेते, कधी नुसतं ‘टक्’: जुन्या मारुती ८०० मधला अर्थिंगचा घोळ

कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० ची एक तक्रार पावसाळा संपत आला की हमखास ऐकू येते. सकाळी गाडी पहिल्या चावीला सुरू होते. बाजारात थांबून परत आलं की नुसतं ‘टक्’. पुन्हा चावी, पुन्हा ‘टक्’. मग अचानक काय होतं कोण जाणे, काही झालंच नाही अशा थाटात सुरू. तोवर बॅटरी बदलून झालेली असते, सेल्फ मोटर उतरवून कार्बन ब्रश घालून झालेले असतात, बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटरही कुणीतरी उघडून बघितलेला असतो. दुखणं जागच्या जागी.

अशीच एक पांढरी ८०० चिपळूणला आहे, नव्वदच्या दशकातली. जुलै २०२१ च्या पुरात ती सीटपर्यंत पाण्यात होती. मग सगळं उघडून धुतलं, वाळवलं आणि पुढे सावकाश डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. तिच्या तक्रारी चार. सेल्फचं तर आलंच. हेडलाइट लावला की टेंपरेचरची सुई वर सरकायची आणि बंद केला की खाली यायची. ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद पेटायचा. आणि अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल हळूहळू जड होत चाललेलं. चार तक्रारी चार ठिकाणी दाखवल्या की चार बिलं होतात, तशी ती झाली: बॅटरी, थर्मोस्टॅट, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा), केबल. केबल तेवढी खरोखर खराब झाली होती, पण कशाने हे कुणी बघितलं नाही. बाकी तिन्ही वस्तू चांगल्या होत्या.

या चारपैकी तीन तक्रारींचं मूळ बॅटरीच्या मायनस वायरीत निघालं, चौथीचं डिकीत. दोन्ही शोधायला लागला तो साधा डिजिटल मीटर आणि १० नंबरचा पाना.

करंट परत कुठून येतो

गाडीतल्या बल्बला, मोटरला प्लसची वायर येते, पण बऱ्याच ठिकाणी परतीची वायर बॅटरीपर्यंत जातच नाही. करंट जवळच्या पत्र्यात उतरतो आणि बॉडीतून फिरून बॅटरीच्या मायनसला येतो. या परतीच्या वाटेलाच अर्थ म्हणतात. इंजिन मात्र बॉडीला घट्ट चिकटलेलं नसतं, ते रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून मायनसवरून दोन वाटा लागतात: एक इंजिन किंवा गिअरबॉक्सपर्यंत जाणारी जाड केबल, दुसरी बॉडीला जाणारी बारीक वायर. काही गाड्यांत मायनस आधी बॉडीला जातो आणि तिथून इंजिनला वेगळी पट्टी असते. पुस्तकात काय दिलंय त्यापेक्षा आपल्या गाडीत वायर हातात धरून शेवटपर्यंत जावं, कारण तीस वर्षांत कुणी काय बदललंय याचा नेम नसतो.

आता यातली जाड वाट कुजली की सेल्फचा करंट थांबत नाही, तो दुसरी वाट शोधतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं धातूचं जे काही असेल त्यातून तो जातो: अ‍ॅक्सिलरेटर केबल, चोक केबल, स्पीडोमीटरची केबल. एवढ्याशा पेट्रोल इंजिनाची सेल्फ मोटरसुद्धा शंभर अँपिअरच्या आसपास खेचते. पेडलच्या केबलीतून तसा करंट गेला की ती तापते, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं आणि पेडल जड होतं. कधी वाटेत अडकतंही. सेल्फ मारताना चोकच्या दांड्याजवळून धूर आला अशी तक्रार घेऊन कुणी आलं तर आधी अर्थ बघा, बाकी सगळं नंतर. अडकलेला अ‍ॅक्सिलरेटर घेऊन कुंभार्ली घाट उतरायची वेळ कुणावर येऊ नये.

आधी बॅटरीचं उरकून घ्या

गाडी काही तास बंद असताना बॅटरीच्या दोन खुंट्यांवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे चालेल, १२ म्हणजे जवळपास उतरलेली, आधी चार्ज करा. सेल्फ मारताना दुसऱ्याला मीटर बघायला सांगा: ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ मिळाले तर आल्टरनेटर आपलं काम करतोय. हे तिन्ही ठीक असेल तर बॅटरीच्या दुकानाची पायरी चढू नका.

आवाजही ऐकायचा असतो. चावी फिरवल्यावर ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरलेली किंवा जाड वायरीचा जोड गेलेला. एकच ठसठशीत ‘टक्’ आणि पुढे शांतता असेल तर सोलेनॉइड (सेल्फ मोटरला करंट जोडणारा विजेचा खटका) ओढला गेलाय, पण मोटरला करंट पुरत नाही, किंवा मोटरच अडकली आहे. अजिबात काही नाही तर सोलेनॉइडला येणारी बारीक वायर आणि चावीचा स्विच. ही बारीक वायर चावीतून लांबचा प्रवास करून येते. जुन्या गाडीत तिथेच दोन-तीन व्होल्ट गळतात आणि सोलेनॉइड कधी ओढतो, कधी नाही. त्यावर रिले (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) लावणं हा चांगला इलाज आहे, पण अर्थ तपासल्यानंतर.

मीटर कंटिन्युइटीवर ठेवून काही कळत नाही

बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो. मीटर ओहमवर किंवा बीपवर ठेवायचा, एक टोक मायनसला, दुसरं इंजिनला, ‘बीप’ वाजला की अर्थ ठीक. हा बीप फसवा आहे. केबलच्या पन्नास तारांतली एक जिवंत असली तरी तो वाजतो, कारण मीटर त्यातून काही मिलिअँपिअरच पाठवतो. सेल्फला हवे असतात त्याच्या हजारो पट. एसटीचं दार फटीएवढं उघडं असलं तरी एक माणूस उतरू शकतो. अख्खी गाडी रिकामी करायला गेलं की कळतं. शिवाय स्वस्त मीटरच्या दोऱ्यांचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो आणि आपण शोधतोय तो ०.०१ ओहमचा बिघाड. शंभर अँपिअरला एवढासा रोधही एक व्होल्ट खातो.

म्हणून रोध मोजायचा नाही. करंट वाहता ठेवायचा आणि जोडावर किती व्होल्ट पडतात ते मोजायचं.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. इग्निशन कॉइलच्या प्लसची बारीक वायर काढा म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन सुरू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर. काळी दोरी बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवा, तिच्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नाही. लाल दोरी इंजिनाच्या उघड्या धातूवर: आल्टरनेटरचं ब्रॅकेट किंवा एखादा स्वच्छ बोल्ट. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा, चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त नको. सेल्फ फिरत असताना ०.२ व्होल्टपर्यंत दिसलं तर अर्थ चांगला. ०.५ च्या वर गेलं की बिघाड पकडला.

चिपळूणच्या गाडीत १.६ आलं. म्हणजे सेल्फला मिळायच्या आधीच दीड व्होल्ट परतीच्या वाटेवर संपत होते, आणि शंभर अँपिअर धरले तर दीडशेपेक्षा जास्त वॅट कुठेतरी उष्णता होऊन जात होते. असा जोड सेल्फ मारल्यावर लगेच बोटाने चाचपला तर कोमट लागतो. मीटर नसला तर ही खूण पुरते.

आता लाल दोरी खुंटीपासून पायरी-पायरीने पुढे न्यायची. खुंटी ते क्लॅम्प: ०.०५. खुंटी ते केबलच्या दुसऱ्या टोकाचं थिंबल (बोल्टखाली बसणारं भोकाचं धातूचं टोक): ०.३. खुंटी ते गिअरबॉक्सचं कवच, थिंबलच्या बाजूलाच: १.६. म्हणजे १.३ व्होल्ट थिंबल आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये, एका बोल्टच्या जोडात पडत होते. बोल्ट घट्ट होता, वरून बघून काही कळलं नसतं. काढल्यावर खाली अ‍ॅल्युमिनियमवर पांढरट भुकटी आणि थिंबलच्या पोटाला हिरवा थर. पुराच्या पाण्यातला गाळ तिथे बसून सगळं खात राहिला होता. केबलचे ०.२५ व्होल्टही जास्तच. थिंबलजवळचं रबर दोन इंच सोललं तर आतलं तांबं काळं पडलेलं. बारीक तारांच्या केबलमध्ये पाणी टोकातून आत ओढलं जातं, त्यामुळे वरून धडधाकट केबल आतून कुजलेली असते. तीस वर्षांची केबल साफ करत बसण्यापेक्षा नवी घालावी हे माझं मत.

मीटर वापरायचा कंटाळा असेल तर एक चाचणी त्याच्याशिवायही होते. जंपर केबलची एक दोरी घ्या, एक चिमटा मायनसच्या क्लॅम्पवर, दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर घट्ट. गाडीने लगेच दणक्यात सेल्फ घेतली तर निदान झालं. रस्त्यात अडकल्यावरही हाच जुगाड घरापर्यंत नेतो, फक्त चिमटा फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवा.

प्लसची बाजूही याच पद्धतीने बघून टाका: प्लसच्या खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत, सेल्फ फिरत असताना, साधारण ०.५ व्होल्टच्या आत हवं. दोन्ही बाजू स्वच्छ, बॅटरी भरलेली आणि तरीही मोटर रडत फिरते, तर आता सेल्फ उतरवा.

सुई का हलत होती

बॉडीकडे जाणाऱ्या बारीक वायरीची गोष्ट वेगळी होती. तिचं थिंबल ज्या पत्र्यावर बसतं तिथे डेंटिंग-पेंटिंगवाल्याने आधी छान रंग मारला आणि मग रंगावर बोल्ट कसला. रंग म्हणजे इन्सुलेशन. बोल्टच्या आट्यांतून जो काही संपर्क राहिला तेवढाच अर्थ. रंगकाम करून आलेल्या जुन्या गाड्यांमध्ये हे इतकं सर्रास दिसतं की ‘लाइटचा लफडा कधीपासून?’ याआधी मी ‘रंग कधी मारला?’ विचारतो.

अर्थ असा अर्धवट झाला की हेडलाइट लावल्यावर अख्खी बॉडी बॅटरीच्या मायनसपेक्षा थोडी वर उचलली जाते. डॅशबोर्डमधल्या मीटरचा अर्थ बॉडीवर, त्याला इंजिनाचं तापमान कळवणाऱ्या सेंडरचा अर्थ इंजिनावर. दोघांच्या शून्यात फरक पडला की सुई सरकते, इंजिन तापलेलं असो वा नसो. साधा नियम: सुई लाइट, वायपर किंवा ब्लोअरच्या तालावर हलली तर तो अर्थचा प्रश्न. सुई गाडी चालवता चालवता हळूहळू चढली तर मात्र खरोखर तापमान बघा, तिथे अर्थच्या नादी लागून हेड गॅस्केट उडवून घेऊ नका.

जोड करताना

पाना लावताना मायनस आधी काढायचा, जोडताना शेवटी. प्लसवर पाना असताना तो बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेला असेल तर पाना लाल होतो, हे बघायची हौस करू नये.

गिअरबॉक्सवरची आणि पत्र्यावरची जागा पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत दिसेपर्यंत साफ करा, थिंबलपेक्षा थोडा मोठा गोल. थिंबलची खालची बाजूही. दातेरी वॉशर घाला, त्याचे दात धातूत रुततात. बोल्ट गंजका असेल तर नवा. घट्ट कसून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा हात फिरवा, आणि पत्र्यावरच्या उघड्या भागाला रंगाचं बोट लावा. क्रम महत्त्वाचा: आधी धातूला धातू, मग वरून झाकण. कोकणपट्टीत खारी हवा असते, तिथे हे झाकण विसरलं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

केबल नवी घालायची तर वेल्डिंगची तांब्याची लवचिक केबल उत्तम, ८०० सारख्या गाडीला २५ चौरस मिलिमीटरची निर्धास्त पुरते. थिंबल तांब्याचं, आणि प्रेसने दाबून घेतलेलं. हातोडीने चेपलेलं थिंबल दोन महिने छान वागतं. अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा.

इंजिन ते बॉडी अशी एक जादाची पट्टी लावून टाकली तर नुकसान काहीच नाही. तिला थोडी ढील ठेवा, इंजिन हलतं.

जोड झाल्यावर तीच चाचणी पुन्हा घ्या. त्या गाडीत १.६ चे ०.१२ झाले. अ‍ॅक्सिलरेटर केबल मात्र दुसऱ्यांदा बदलावी लागली, कारण आधी घातलेली नवी केबलही तोपर्यंत भाजली होती.

ब्रेक दाबला की इंडिकेटर

हे इंजिनाकडचं नाही. मागच्या दिव्याच्या गुच्छात ब्रेक, पार्किंग, इंडिकेटर, रिव्हर्स सगळ्यांचा अर्थ एकत्र होऊन एकाच वायरीने डिकीतल्या पत्र्यावर जातो. ती वायर सुटली की ब्रेकचा करंट परतीची वाट शोधत इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा जातो आणि दुसऱ्या बाजूने अर्थ गाठतो. दोन्ही बल्ब मंद पेटतात. ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब नीट उजळत नाही, आणि मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही थांबताय हे कळत नाही. अशा वेळी फ्लॅशर बदलून काहीच होत नाही. तो बेचारा त्याला मिळेल त्या करंटवर टिकटिकतोय.

तपासायला गुच्छाच्या अर्थवरून डिकीतल्या स्वच्छ धातूवर एक जादा वायर धरून बघा. दिवे शहाण्यासारखे वागायला लागले की काम झालं. सुझुकीच्या वंशातल्या गाड्यांत अर्थची वायर बहुधा काळी असते. बहुधा, कारण मागच्या कुणीतरी टेप गुंडाळून हाताशी असलेल्या रंगाची वायर जोडलेली असू शकते. होल्डरच्या आत गंज असेल तर तो घासून उपयोग नाही, होल्डर बदला. दिव्याच्या रबराची सील गेलेली असेल तर पाणी पुन्हा येणार, तीही बघा.

हेडलाइट मंद

हेडलाइटचा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे हाय बीमला ६०, लो बीमला ५५. दोन्ही मिळून लो बीमला नऊ अँपिअरच्या वर करंट. वाटेत दहा टक्के व्होल्ट गेले तर उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो, म्हणून एक-सव्वा व्होल्टची गळतीही रस्त्यावर लगेच जाणवते. लाइट लावून बल्बच्या मागच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा, ०.२ पेक्षा जास्त नको. एक गोम आहे: काही जपानी गाड्यांत हेडलाइटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो, तेव्हा ही गळती स्विचमध्येही असू शकते. इथे ‘१००/९० चे बल्ब टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. टाकू नका. बल्ब वाढवला की करंट वाढतो, त्याच कमकुवत जोडावर जास्त व्होल्ट पडतात, आणि स्विच व होल्डर वितळतात. रिले आणि नवी वायर घालून ५५ वॅटलाच पूर्ण व्होल्ट द्या, फरक दिसेल.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर

ही तक्रारही लोक अर्थच्या नावावर घालतात. तो प्रकार निराळा: गाडी बंद असताना कुठेतरी करंट गळतोय. मायनसचा क्लॅम्प काढून मीटर १० अँपिअरवर, लाल दोरी दहा अँपिअरच्याच भोकात घालून, खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्ये जोडा. चावी बंद, दारं बंद, आतला दिवा बंद. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायची नाही, मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जाईल. कार्ब्युरेटरवाल्या ८०० मध्ये घड्याळ आणि म्युझिक सिस्टिमची मेमरी सोडली तर काही चालूच नसतं, त्यामुळे २०-३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसू नये. अर्धा अँपिअर दिसला तर ३५ अँपिअर-तासाची बॅटरी दोन दिवसांत सेल्फला नकार देईल.

मग एकेक फ्यूज काढायचा. जो फ्यूज काढल्यावर आकडा खाली येईल, त्या लाइनमध्ये गळती. पहिला संशय बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर घ्या: म्युझिक सिस्टिम, सेंट्रल लॉक, रिव्हर्स हॉर्न, वायरीला चिमट्यासारखे चावणारे कनेक्टर. उंदरांनी कुरतडलेली वायर दुसरा. गॅस किट असेल तर त्याच्या वायरिंगला स्वतः हात न लावता किटवाल्याकडे जा. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच असेल तर मायनस पुन्हा काढा, आल्टरनेटरची मागची जाड वायर सोडवून तिचं टोक टेपने गुंडाळा आणि मग मोजा. आकडा शून्याला आला तर आल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळतोय. आता तो उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यायला हरकत नाही.